शतांश मिलिमीटरची मजुरी

पेट्रोल इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर गेले, की त्यातला प्रत्येक पिस्टन सेकंदाला २०० वेळा पूर्ण थांबतो आणि उलट दिशेने निघतो. त्याची वरखाली धाव, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर असेल तर सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर पडतो. वरच्या टोकाला पोचून माघारी वळताना त्याच्यावर येणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,९०० पट असते. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलो वजन धरले, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडवर जवळपास एक टनाची ओढ बसते. फेऱ्या दुप्पट केल्या की ही ओढ चौपट होते.

एवढी धुमश्चक्री चालू असताना पिस्टनची भिंत सिलिंडरच्या भिंतीपासून किती लांब असते? सर्वसाधारण ओतीव पिस्टन असेल तर मिलिमीटरचा तीन ते पाच शतांश भाग. क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यातही तेवढीच फट असते. ही फट कमी पडली तर इंजिन जाम होते, जास्त झाली तर तेल खाते, धूर मारते, खडखडते. वेगवान गाडीचे इंजिन बांधताना महागडे सुटे भाग सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. पण इंजिनाची ताकद आणि त्याचे आयुष्य ठरते ते या मोजून सोडलेल्या फटींवर. त्या फटी तयार करणारी जागा म्हणजे मशीन शॉप, आपल्याकडच्या बोलीत बोरिंगवाला किंवा लेथवाला. त्याच्या बिलात नेमके काय असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

घाटाच्या पायथ्याचे गाव

पनवेल हे या विषयासाठी अगदी योग्य ठिकाण. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि कोकणातून दख्खनेत जाणाऱ्या मालाला पनवेलचा मुक्काम ठरलेला झाला. इंग्रजी अमदानीतल्या इम्पीरियल गॅझेटिअरने पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणून बैलगाडीची चाके बनवण्याच्या कामाची नोंद केली आहे. घाटावरून आलेला गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन परत जाई. पुढे बैलगाडीची जागा ट्रकने घेतली. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, कळंबोलीत लोखंड-पोलाद बाजार बसला, तळोज्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासूनच सुरू झाला. पनवेल, कळंबोली, तळोजा या पट्ट्यात लेथ, बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग यांची कामे मुख्यतः या अवजड वाहनांच्या जिवावर चालतात. खोपोलीहून खंडाळ्याची चढण भरल्या ट्रकने चढताना इंजिनातला दोष लपून राहत नाही, त्यामुळे इथल्या कारागिराच्या कामाची परीक्षा रोजच होते.

ट्रकचे इंजिन नीट करणारा आणि शर्यतीच्या गाडीचे इंजिन बांधणारा यांच्या यंत्रांत फारसा फरक नसतो. फरक असतो तो किती काटेकोर मोजायचे यात.

वॉटचे इंजिन अडले होते ते सिलिंडरपाशी

बोरिंगवाल्याचे महत्त्व समजायला अडीचशे वर्षे मागे जावे लागते. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनातल्या आपल्या सुधारणेचे पेटंट १७६९ मध्ये घेतले, पण कामाचे इंजिन उभे राहायला आणखी सात वर्षे लागली. कल्पनेत काही उणे नव्हते. गोल सिलिंडर कोणाला करता येत नव्हता. ओतीव सिलिंडर आतून वेडावाकडा निघे आणि पिस्टनच्या कडेने वाफ निसटून जाई. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने १७७४ मध्ये तोफांची नळी कोरण्याचे नवे यंत्र पेटंट केले होते. त्याच धर्तीवर, दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्यावर कातणारे पाते बसवून, त्याने वॉटसाठी सिलिंडर कोरून दिले. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, असे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने नोंदवून ठेवले आहे. १७७६ मध्ये वॉटची इंजिने प्रत्यक्ष कामाला लागली.

त्या काळी नाण्याच्या जाडीएवढी चूक हा पराक्रम होता. आज तळोज्यातल्या एखाद्या चांगल्या बोरिंग यंत्रावर त्याच्या शंभराव्या हिश्शाची चूकही चालवून घेतली जात नाही.

महाराष्ट्राला ही विद्या नवखी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्याच भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट आज जगभरच्या इंजिनांत फिरतात.

ओळखीचे इंजिन, ओळखीची मापे

उदाहरणासाठी मराठी वाचकाच्या परिचयाचे इंजिन घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि नंतर प्रीमियर पद्मिनी तयार झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे हेच इंजिन. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवरल्या शर्यतींत सुधारलेल्या फियाट धावत. आज हौशी मंडळी या गाड्या पुन्हा उभ्या करतात.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २७२ घन सेंटिमीटर, चारांचे मिळून १,०८९.

अनेकांची समजूत असते की बोअर मोठा केला की ताकद वाढते. हिशोब करून पाहू. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून ६८.५० केला तर एकूण आकारमान सुमारे १,१०६ घन सेंटिमीटर होते, म्हणजे वाढ जेमतेम दीड टक्का. एक मिलिमीटर वाढवला तरी तीन टक्के. इंजिनाची खरी ताकद अधिक हवा आत घेण्यातून, दाब वाढवण्यातून आणि अधिक फेऱ्या सोसण्यातून येते. बोअर मोठा करण्याचे खरे कारण झीज हे असते.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा तेलाचा थर सर्वांत पातळ असतो आणि ज्वलनाचा दाब सर्वांत जास्त, म्हणून वरची रिंग जिथे उलटते तिथे भिंत अधिक खाल्ली जाते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असल्याने पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेलतो. परिणामी बोअर वर रुंद आणि खाली अरुंद होतो, शिवाय अंडाकृतीही होतो. म्हणून जाणता कारागीर बोअर डायल गेज प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेने आणि तिला काटकोनात, असे सहा वेळा लावतो. चार सिलिंडरची चोवीस मापे झाली, की किती कातायचे ते ठरते. ओव्हरसाइज पिस्टन बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा टप्प्यांत मिळतात. त्यांपैकी सर्वांत लहान टप्प्यात झीज निघून जात असेल तर तोच निवडायचा, म्हणजे ब्लॉकमध्ये पुढच्या वेळेसाठी भिंत शिल्लक राहते. भिंतच पुरेशी उरली नसेल तर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, मारून पुन्हा मूळ मापावर येता येते.

इथे एक नियम कधीही मोडू नये: आधी पिस्टन हातात, मग बोअर. डब्यावर छापलेल्या मापावर विसंबून बोअर करायचा नसतो. आलेला प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून, त्याच्या मापात ठरलेली फट मिळवून सिलिंडर कातायचा आणि कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा ते खूण करून ठेवायचे.

धातूही तापतो, मापही फसवते

फट किती ठेवायची हे पिस्टनच्या धातूवर ठरते. शर्यतीच्या इंजिनात घडवलेले, म्हणजे फोर्ज्ड पिस्टन घालतात. त्यांतल्या २६१८ या मिश्रधातूत सिलिकॉन नगण्य असते; तो चिवट असतो पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला सात ते दहा शतांश मिलिमीटर फट लागते. थंड इंजिनात असा पिस्टन थोडा खडखडतो आणि गरम झाल्यावर शांत होतो. ४०३२ या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते. तो कमी फुगतो, त्याला कमी फट पुरते. रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीला बहुधा दुसरा बरा.

जगभर लांबीची मापे २० अंश सेल्सियसला खरी मानली जातात. मे महिन्यात पनवेलच्या पत्र्याच्या शेडमध्ये २० अंश कुठून आणायचे? खरा धोका मात्र दोन भागांच्या तापमानातल्या फरकाचा असतो. होनिंग करताना, म्हणजे सिलिंडर आतून दगडांनी घासताना, घर्षणाने ब्लॉक तापतो. तो शेजारच्या पिस्टनपेक्षा ३० अंशांनी गरम असताना मोजला, तर ६८ मिलिमीटरचा बोअर सुमारे २२ मायक्रॉनने मोठा दिसतो. ब्लॉक थंड झाला की ४० मायक्रॉनच्या फटीतली निम्म्याहून जास्त फट गायब. म्हणून चांगल्या शॉपमध्ये शेवटचा हात फिरवण्याआधी ब्लॉक, पिस्टन आणि मोजायची साधने एकाच जागी बराच वेळ ठेवून एका तापमानाला येऊ देतात. गिऱ्हाइकाला वाटते काम रेंगाळले आहे. प्रत्यक्षात ते चालू असते.

होनिंगच्या रेषा आणि खोटे हेड

बोरिंगनंतर सिलिंडर आतून होनच्या दगडांनी घासला जातो. दगड फिरत फिरत वरखाली होतात आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेषांची जाळी उमटते. या रेषांत तेल थांबते आणि रिंगांना बसायला जागा मिळते. रेषांचा कोन फार सपाट झाला तर तेल जळते, फार उभा झाला तर ते खाली गळून जाते.

वेगवान इंजिनाच्या होनिंगमध्ये आणखी एक खर्चीक पायरी असते. हेडचे बोल्ट पूर्ण आवळले की त्यांच्या ओढीने सिलिंडर किंचित वाकडे होतात. मोकळ्या ब्लॉकमध्ये अगदी गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. त्यावर उपाय म्हणजे टॉर्क प्लेट. हेडच्या जागी भोके पाडलेली जाड प्लेट बसवतात, बोल्ट तेवढ्याच जोराने आवळतात आणि त्या ताणाखालीच होनिंग करतात. प्लेट काढल्यावर बोअर थोडा वाकडा दिसेल, पण खरे हेड बसताच तो गोल होईल. प्रत्येक इंजिनाला वेगळी प्लेट लागते, त्यामुळे ज्याच्याकडे ती आहे तो तिची किंमत मजुरीत धरतोच.

होनिंगनंतर ब्लॉक धुण्याचे काम क्षुल्लक वाटते, पण बरीच इंजिने इथेच बिघडतात. दगडाचे कण रेषांत रुतून बसतात आणि नुसत्या पेट्रोलने निघत नाहीत. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासायचे, मग तेल लावलेले पांढरे फडके बोअरमधून फिरवायचे. फडक्यावर राखाडी छटा उमटली तर पुन्हा धुवायचे; फडके पांढरेच बाहेर येईपर्यंत थांबायचे नाही. आणि पनवेलच्या पावसाळ्यात धुतल्याबरोबर तेलाचा हात द्यायचा, कारण उघड्या बिडावर दमट हवेत काही तासांत गंज चढतो.

तेलावर तरंगणारा क्रँक

क्रँकशाफ्ट चालत्या इंजिनात बेअरिंगला टेकत नाही. १८८३ मध्ये बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना पाहिले की बेअरिंगला पाडलेल्या भोकातले बूच तेलाच्या दाबाने बाहेर फेकले जाते. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले: फिरता दांडा तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढत नेतो आणि त्या दाबावर स्वतःच उचलला जातो. यासाठी फट नेमकी हवी. दर इंच व्यासाला इंचाचा एक सहस्रांश, हा जुना ठोकताळा आजही चालतो. ५० मिलिमीटरच्या जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, तो ०.०५ मिलिमीटर येतो.

झिजलेला क्रँक ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने बारीक करतात आणि तेवढे जाड बेअरिंग घालतात. ग्राइंडिंगच्या वेळी जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई जपावी लागते, कारण काटकोनी कोपऱ्यात तडा सुरू होतो. कामाआधी चुंबकीय पद्धतीने तडे तपासून घेणे म्हणूनच आवश्यक. तडकलेल्या क्रँकवर केलेली सगळी मजुरी वाया जाते.

मग बॅलन्सिंग. अक्षापासून ४० मिलिमीटरवर १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ६,००० फेऱ्यांवर ते सुमारे १६ किलोच्या जोराने क्रँकला ओढते, दर फेरीत एकदा. कनेक्टिंग रॉड तर दोन टोकांचे वेगवेगळे वजन करून जुळवावे लागतात, कारण मोठे टोक गोल फिरते आणि लहान टोक वरखाली होते.

चार घन सेंटिमीटरचा फरक

हेडचे काम म्हणजे इंजिनाचा श्वास. व्हॉल्व्हची सीट तीन कोनांत कातली की हवा वळणावर कमी अडते; सीट आणि व्हॉल्व्ह नीट मिळाले नाहीत तर दाब निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट, हा ९ असेल, तर पद्मिनीच्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन वर असताना सुमारे ३४ घन सेंटिमीटर जागा उरते. रेशो १० करायचा तर ती ३०.३ हवी. फरक चहाच्या चमच्यात मावेल एवढा. म्हणून हेडच्या प्रत्येक कप्प्यात ब्युरेटने द्रव ओतून आकारमान मोजतात आणि चारही कप्पे सारखे करतात. फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट कातून, हेड उतरवले की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. मऊ मातीची गोळी पिस्टनवर ठेवून, इंजिन हाताने फिरवून, दबलेली जाडी मोजली की ते दोघे भिडणार नाहीत याची खात्री होते. दाब वाढवताना इंधनाचाही विचार हवा. दाब इंधनाला झेपला नाही तर मिश्रण अवेळी भडकते आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

बिल कसे वाचावे

मशीन शॉपची आकारणी सहसा नगावर असते: बोरिंग-होनिंग सिलिंडरमागे, ग्राइंडिंग जर्नलमागे, सीट कटिंग व्हॉल्व्हमागे. धुणे, तडे तपासणे, फेसिंग, बॅलन्सिंग यांचे आकडे वेगळे. नियमित साइजचे काम स्वस्त पडते, कारण यंत्र लावून एकाच मापाची कामे ओळीने निघतात. वेगवान इंजिनात प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनला, प्रत्येक जर्नल त्याच्या बेअरिंगला जुळवायचा असतो. कातण्याचा वेळ तेवढाच लागतो. मोजण्याचा, थांबण्याचा आणि पुन्हा मोजण्याचा वेळ कितीतरी वाढतो. जास्तीची मजुरी त्या वेळेची असते.

गाडीमालकाने आपली बाजूही चोख ठेवावी. कोणते पिस्टन, कोणती फट, किती फेऱ्या, गाडी रस्त्यावर चालणार की शर्यतीत, हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून द्यावे. वाटेत मन बदलून माप बदलू नये. एकदा कातलेला धातू परत येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो, त्यामुळे ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी.

आणि काम हातात घेताना मापांचा कागद मागावा. प्रत्येक बोअरचा व्यास, प्रत्येक पिस्टनचा व्यास, प्रत्येक जर्नल, प्रत्येक बेअरिंगची फट. पुढे इंजिन जाम झाले तर दोष कातण्यात होता, जोडणीत होता की तेलात, हे त्या कागदावरून शोधता येते. तो नसेल तर फक्त भांडण उरते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून टर्नर किंवा फिटर होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला शतांश मिलिमीटर हाताला जाणवेपर्यंत वर्षे लागतात. विजेच्या मोटारीतही दांडा असतो, बेअरिंग असते आणि मोजलेली फट असते, त्यामुळे ही विद्या पेट्रोलबरोबर संपणारी नाही. ती टिकायची असेल तर तिला दाम मिळाले पाहिजे. म्हणून दर विचारण्याआधी मापांचा कागद मिळेल का, हे विचारावे. जो कारागीर तो कागद सहीनिशी देतो, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.